याडीच्या गोळीत काय होतं

माझ्या नवऱ्याला सकाळी चहाबरोबर बिस्किट नसलं तरी चालतं, संशोधन लागतं. चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाशी, आणि सुरू: "ऐक वं, जेवल्यावर जरासं चाललं का साखर आटोक्यात राह्यते म्हने." दुसऱ्या दिवशी हळद. मग जवस. मग कॉफी चांगली, आणि आठवडा उलटायच्या आत तीच कॉफी वाईट. हे जिनिंगमध्ये काट्यावर कामाला होते. जन्मभर दुसऱ्यांचा कापूस जोखला, आता निवृत्त झाल्यावर माझी तब्येत जोखतात. मी मशीनवर बसलेली असायची, ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे नुसतं "हं" करायची. तोंडात टाचण्या असल्या की बायको उलट बोलत नाही, हे त्यांना लग्नानंतर लवकरच उमगलं होतं.

पांढरकवड्यात मी ब्लाउज शिवते. कापूस विकला गेला की लग्नं निघतात, आणि लग्नं निघाली की माझ्या ओट्यावर बायकांचा बाजार भरतो. एकीला गळा मोठा हवा, तिच्या सासूला लहान हवा, आणि दोघी भांडणार माझ्याशी. मला ते सगळं आवडतं, पण सर्वांत आवडतं ते कापड कापणं. शिवायला काय, शिकवलं की कोणीही शिवतं. कात्री चालवणं वेगळं. चुकली की कापड गेलं. म्हणून कापताना मी कोणाला शेजारी बसू देत नाही, नवऱ्याला तर नाहीच.

त्याच हातांनी दगा दिला. सकाळी उठावं तर बोटं मिटलेली, उघडायला राजी नाहीत. मनगटं सुजलेली. चहाची बशी दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून प्यायची, लहान मुलासारखी. शेजारणींपैकी एकीने मोहरीचं तेल सांगितलं, एकीने मेथ्या, एकीने तांब्याचं कडं. तिन्ही करून झालं. शेवटी यवतमाळच्या एका डॉक्टरणीकडे गेलो. पोरगी माझ्या पुतणीच्या वयाची, बोलायला तिखट. मला तिखट माणसं बरी वाटतात, त्यांच्याशी मोकळेपणी भांडता येतं. तिने रक्त तपासलं आणि सांगितलं की हा वयाचा वात नाही, हाडं झिजण्याचाही नाही. यात शरीर स्वतःच्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उठतं. औषध म्हणून एक गोळी दिली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं बजावून चिठ्ठीवर लाल पेनाने ठसठशीत गोल काढला. ही गोळी लिव्हरला जपून घ्यावी लागते, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं, हेही सांगितलं.

गोळी हळूहळू लागू पडली. काही आठवड्यांनी बोटं उघडायला लागली, आणि मी पुन्हा कात्री धरली. पण पुरतं बरं वाटत नव्हतं. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं, आणि थंडी पडली की मनगटं ठणकायची. अशात याडी आली.

पांढरकवड्याहून मारेगावकडे जाताना आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथली ही म्हातारी. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई, पण हिला आमच्या इकडचे सगळेच याडी म्हणतात, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. तिच्या सासरचे लोक एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. आता तिची मुलं कपाशी आणि तूर पेरतात. पण कुठल्या रानात काय उगवतं आणि कशावर चालतं, हे त्या हिंडण्यातून घरात आलं आणि घरातच राहिलं. सासूने मरताना ते याडीच्या कानात सांगितलं होतं. याडी माझ्याकडे यायची ती सुनांचे आणि नातींचे ब्लाउज घेऊन. तिची स्वतःची काचळी, म्हणजे चोळी, तिनेच भरलेली, आरशांची, टाके असे की मी चष्मा लावून चूक शोधायची आणि मला सापडायची नाही. हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

तिने माझे हात पाहिले. पुढच्या बाजाराला येताना काळ्या गोळ्यांची पुडी घेऊन आली, हरभऱ्याएवढ्या. सकाळी उपाशीपोटी एक, एवढंच म्हणाली. काय आहे, कशाची आहे, हे मी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नसतात. विंचवाची, काविळीची, मूतखड्याची दवा देणारी माणसं आमच्या गावोगावी आहेत आणि सगळ्यांचं तोंड शिवलेलं असतं. झाडाचं नाव तोंडातून निघालं की गुण जातो. घेणाऱ्या एकट्याचा जात नाही. ती दवा त्या वेळी जे जे घेत असतील त्या सगळ्यांचा जातो, आणि देणाऱ्याच्या हातातूनही कायमचा जातो. हे आम्हाला कोणी शिकवत नाही, अंगणात खेळता खेळता कळतं. मी बारावी शिकले. नवरा तर संशोधन वाचणारा. "घे घे," तोही म्हणाला, "जंगलातल्या जडीबुटीले आता बाहेरच्या देशातही मान हाय. वाचलं मी."

मी घेऊ लागले आणि मला बरंही वाटलं. कशाने बरं वाटलं ते देव जाणे. मग एक दिवस जेवण जाईना. अंगात त्राण नाही, लघवी गडद. मी म्हटलं, उन्हाने असेल. नवऱ्याने मात्र माझा चेहरा खिडकीकडे वळवला, माझी पापणी खाली ओढली आणि म्हणाला, "तुये डोये पिवये दिसून राह्यले." त्या सकाळी त्याने मोबाइल उघडला नाही. कावीळ उतरवणाऱ्याकडे जा म्हणून गल्लीतल्या बायका सांगायला आल्या, त्यांनाही उत्तर दिलं नाही. मला धरून थेट एसटीत बसवलं. एवढी वर्षं मी त्या माणसाला बोलघेवडा म्हणून हिणवत आले. त्या दिवशी यवतमाळपर्यंत तो एक शब्द बोलला नाही आणि माझा हात त्याने सोडला नाही. मी त्याची जन्माची ऋणी आहे, त्याला हे आवडो की न आवडो.

डॉक्टरणीने रक्त घेतलं, पोट दाबून पाहिलं. काविळीच्या जंतूंच्या तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही.

"माझ्या गोळीशिवाय अजून काय घेता?"

मी सांगून टाकलं. एक काळी गोळी, सकाळी उपाशीपोटी.

"काय आहे तिच्यात?"

"मालूम नाही."

"मग विचारा."

"तसं इचारत नसतात मॅडम."

तिने पेन टेबलावर आपटलं. मला बोलली ते सगळं इथे लिहीत नाही. बोलायचा तिला हक्क होता. मग तिचा आवाज खाली आला आणि तिने मला नीट समजावून सांगितलं. लिव्हर कशाने बिघडलं हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या गोळीने बिघडलं असेल, काळ्या गोळीने असेल. दोन्ही आजपासून बंद. लिव्हर बहुतेक सुधारेल. पण काळ्या गोळीत काय होतं हे कळलं नाही, तर संशय डॉक्टरणीच्या स्वतःच्या गोळीवर राहील, आणि मग ती गोळी ती मला पुन्हा कधीही देणार नाही.

"मंग माये हात?"

"दुसरी औषधं आहेत, बघू. पण ही तुम्हाला मानवली होती. दुसरं काय मानवेल, कितपत मानवेल, हे आज मी सांगू शकत नाही."

निघताना हे दारात अडखळले. "मॅडम, मी वाचतो नं सारं. सिद्ध झालं म्हून लिहून राह्यते, मंग असं कसं?" डॉक्टरीण थकलेली होती, तरी थांबली. म्हणाली, "काकाजी, संशोधन वाचा, चांगलं आहे. फक्त वाचताना एवढं विचारत जा: ते किती माणसांवर केलं, कोणत्या माणसांवर केलं, आणि तुमची बायको त्या माणसांसारखी आहे का?" ह्यांनी मान हलवली. एसटीत ते वाक्य ते पुटपुटत बसले होते.

लिव्हर खरंच सुधारू लागलं. डोळे निवळले, भाकरी गोड लागायला लागली. आणि तिकडे लिव्हर सुधारत होतं तशी इकडे बोटं मिटत चालली होती. आधी सुई गेली, मग कात्री, मग कुलुपाची किल्ली. ऐन लग्नसराईत आलेलं कापड मी परत पाठवलं. ज्या बायकांशी मी गळ्याच्या मापावरून भांडायची त्या आता गोड बोलायला लागल्या, आणि त्या गोड बोलण्याने माझं रक्त उकळायचं. जन्मभर मी अख्ख्या गावाच्या ब्लाउजना हूक लावले. आता माझे हूक माझा नवरा लावत होता, तेही एक घर सोडून. वेणी घालायला बसला की तिचे पेड मोजायचा आणि तरी चुकायचा. मी खेकसायची. तो सोडून पुन्हा घालायचा.

सकाळचं वाचन मात्र बंद झालं होतं. एकदा मीच म्हटलं, "वाचा नं काही. घर कसं सुनं वाटते."

"कायले वाचू? घे घे म्हून मीच म्हनलं होतं नं."

"मी काय कुकुलं बाळ होती? तुमी म्हनलं अन् मी घेतलं असं कधी झालं काय आपल्या घरात?"

तो हसला, पण मोबाइल काही उघडला नाही. मग मीच ठरवलं, याडीकडे जायचं आणि विचारायचं.

ह्यांनी मला गाडीवर मागे बसवून नेलं. कापूस वेचणीचे दिवस होते. तांड्यातली कामाची माणसं शेतात गेलेली, कुत्री तेवढी जागी. याडी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझे हात पाहिल्याबरोबर तिने सूप बाजूला सारलं, ते मांडीवर घेतले आणि एकेक बोट दाबायला लागली. माझ्या आईनंतर माझ्या हातांना असं कोणी धरलं नव्हतं. म्हणून बोलणं आणखीच अवघड झालं.

"याडी, त्या गोयीत काय हाय तेवढं सांग. डाक्टरनीले पाह्यजे."

तिने हात सोडले. "असं इचारत नसतात बाई."

"मले मालूम नाही काय? पन मायं अडलं."

"सांगतलं का गेलं. माया हातातून जाईन त जाईन, ज्याच्या ज्याच्या पोटात हाय त्याचंही जाईन. झरीकडची एक पोट्टी आत्ता कुठं चालाले लागली. तिले बसवू काय मी पुन्हा?"

"अन् माये हात?"

"तुये हात मले दिसून नाही राह्यले काय?"

तिचे डोळे भरले होते. ते मला दिसलं आणि तरीही मी बोलले, "मंग ठेव तुया गुण डब्यात भरून! माये हात गेले त गेले!" ह्यांनी माझा दंड धरला आणि मला गाडीकडे नेलं. माझा राग कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळासारखा, भडकतो तसा विझतो. केळापूरपर्यंत येता येता तो विझला होता आणि मला त्या झरीकडच्या मुलीचे पाय दिसायला लागले होते. तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या बोटांसाठी तिचे पाय मागायचे होते, आणि ते मला मागवत नव्हते. मी ह्यांना म्हटलं, आता पुन्हा जायचं नाही. दुसरी औषधं जी असतील ती घेऊ.

त्यानंतर बरेच दिवस गेले. एका सकाळी ओट्यावर घुंगरांचा आवाज झाला. याडी होती, काखेत गाठोडं.

"चाल."

"कुठं?"

"तुया डाक्टरनीकडं."

ह्यांनी शर्ट उलटा घातला की सुलटा ते पाहिलंच नाही. एसटीत याडी खिडकीशी बसली, गाठोडं मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. करंजी गेल्यावर ती आपणहून बोलली.

"झरीकडं गेलती मी. त्या पोट्टीच्या घरी. तिच्या मायले सांगतलं, असं असं हाय, एका बाईचे हात अडले, मले सांगा लागते, अन् मंग तुया पोरीचं जाईन."

"मंग?"

"थे म्हने, थांब. घरात गेली. पोरीले इचारून आली. म्हने, सांग याडी. पोरगी म्हन्ते, हात त पाह्यजेच."

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या मायलेकींनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं, मी कोणत्या जातीची, कुठली, काही नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी पोरीचं चालणं मला देऊन टाकलं होतं. मला रडू आलं, आणि डोळे पुसायला रुमाल धरता येईना, तेव्हा ह्यांनी पुसले. समोरच्या सीटवरची बाई वळून वळून पाहत होती.

दवाखान्यात याडीने मला दारातच थांबवलं. "तू बाहीर बस. वैद्याचं वैद्यालेच सांगन." मला वाटलं, आता ही तिखट पोरगी काहीतरी बोलणार. पण ती खुर्चीतून उठली, याडीला आत घेतलं आणि दार स्वतःच्या हाताने लावलं. आम्ही दोघं बाकावर बसलो. ह्यांचा पाय सारखा हलत होता. मी त्यावर पाय ठेवला तेव्हा थांबला.

मग आत बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि गाठोडं त्यावर सोडलेलं. मी अवघडून मान दुसरीकडे वळवली, तर याडी म्हणाली, "पाह्य आता. सांगतलं त सांगतलं." सालईच्या डिंकाचे खडे होते. निर्गुडीचा पाला होता. एरंडाचं मूळ होतं. आणि एका वेलीचा हिरवा तुकडा होता, पानं पत्त्यातल्या बदामासारखी. ती वेल मी ओळखली. आमच्याच कुंपणावर आहे. कोरोनात ह्यांनी संशोधन वाचून लावली होती आणि अख्ख्या गल्लीला तिचा काढा पाजला होता. गुळवेल.

डॉक्टरणीने एकेक वस्तू हातात घेऊन सांगितलं. सालईच्या डिंकावर गुडघेदुखीसाठी अभ्यास झालेले आहेत. छोटे आहेत, पण काहींत थोडा आराम दिसला, तेव्हा तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निर्गुडी आणि एरंडाबद्दल तिला आज काही म्हणायचं नव्हतं. मग तिने वेलीचा तुकडा उचलला.

"गेल्या काही वर्षांत, कोरोनापासून, गुळवेल घेणाऱ्या काहींचं लिव्हर बिघडल्याचं ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी नोंदवलंय. सगळ्यांचं नाही हं. कितीतरी लोकांनी घेतली आणि त्यांना काही झालं नाही. पण ज्यांचं शरीर आधीच स्वतःशी भांडतंय, म्हणजे तुमच्यासारखं, त्यांनी हिच्यापासून जपावं असं दिसतंय. यावर वाद आहे. काही वैद्य म्हणतात, ती खरी गुळवेल नव्हतीच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल होती."

याडी ताठ झाली. "हे खरीच हाय. मी गुयवेल वयखत नाही काय?"

"ओळखता, ते दिसतंय मला."

मग याडीने विचारलं, "म्हंजे माया गोयीनं झालं?"

"असू शकतं, आजी. शपथेवर नाही सांगता येणार. माझ्या गोळीनेही होतं असं. पण हिचं रक्त आधी कितीतरी वेळा तपासलं, माझी गोळी चालू असताना लिव्हर ठीक होतं. तुमची सुरू झाल्यावर बिघडलं. आणि तुमच्या गोळीत ही वेल होती. आज तुम्ही आला नसता, तर मी माझ्याच गोळीला दोषी धरून बसले असते."

याडीने वेलीकडे पाहिलं. तो तुकडा तिने डॉक्टरणीच्या हातातून घेतला आणि गाठोड्यात परत ठेवला.

"त मायाच नावानं धर," ती म्हणाली. "हिची गोयी चालू कर."

डॉक्टरणीने लगेच नाही केली. आधी रक्त पूर्ण ठीक होऊ दिलं, मग थोडी थोडी सुरू केली, आणि पुन्हा पुन्हा रक्त पाहिलं. दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. रिपोर्ट चांगला आला की जिलेबी आणायचे, आणि मग साखरेवरचं संशोधन आठवून स्वतः एकच खायचे. लिव्हरने ती गोळी सोसली. बोटं उघडायला वेळ लागला. पण उघडली. सगळी नाही, उजव्या हाताची करंगळी अजून रुसलेली आहे. कात्री धरते मी. सुरुवातीला जुन्या चादरी कापून पाहिल्या, मग अस्तराचं कापड, मग एका नवरीचा शालू आला तेव्हा तिच्या आईला बाहेर बसवलं, दार लावलं आणि एका दमात ब्लाउज कापला. हात नीट चालला. नंतर तिथेच बसून मी खूप रडले. नवरीच्या आईला वाटलं, कापड बिघडलं. ती दारावर थापा मारत होती.

याडीने ती गोळी देणं बंद केलं. पण त्याआधी ती तांड्यातांड्यांत हिंडली, ज्यांना माझ्यासारखा वात आहे त्यांना तिने आपल्या तोंडाने सांगितलं, माझी दवा घेऊ नका, यवतमाळला जाऊन रक्त तपासा. झरीकडच्या मुलीला ती स्वतः घेऊन आली. ती मुलगी आता त्याच डॉक्टरणीची औषधं घेते आणि चालते. आम्ही कधी कधी एकाच बाकावर बसतो आणि आपल्या ब्लाउजचं माप आपल्याला नीट कळतं असं ती म्हणते, ते खोटं आहे. तिचं शिवण माझ्याकडे असतं. तिच्याशी मात्र मी भांडत नाही, ती म्हणेल तसा गळा कापते.

गल्लीत बोलणारे बोलतात. कोणी म्हणतं, त्या म्हातारीनेच तुला मरणाच्या दारात नेलं आणि तू तिचेच गुण गातेस? गाते. कोणी म्हणतं, तुझ्यापायी एवढ्या लोकांची दवा गेली. त्यांना मी सांगते की दवा गेली नाही, तिच्यातलं एक काय ते कळलं. पण हे अर्धंच खरं आहे. नाव सांगितल्याने गुण जातो, यावर माझा विश्वास आहे की नाही हे माझं मलाच सांगता येत नाही. याडीचा आहे. तिच्या लेखी सासूने कानात ठेवलेलं, तिने जन्मभर जपलेलं, त्या दिवशी डॉक्टरणीच्या टेबलावर संपलं. आणि संपवून बदल्यात मिळालं काय, तर तिच्याच दवेने मला इजा झाली हे ऐकणं. ते ऐकून ती उठून गेली नाही. आधी माझी गोळी चालू करवली. मी देवळात जाते तेव्हा काही मागत नाही आता. एवढं मिळालेल्या बाईने आणखी काय मागायचं?

ह्यांचं वाचन परत सुरू झालंय. फरक इतकाच की संशोधन वाचून झालं की स्वतःच विचारतात, "किती मानसं व्हती? कोनती व्हती?" आणि ते लिहिलेलं नसलं की पुढचं पान. त्यामुळे आमचा चहा लवकर आटोपतो.

मागच्या महिन्यात याडी नातीचा ब्लाउज घेऊन आली. माझ्या ओट्याला पायऱ्या आहेत. ती खालीच थांबली होती, वर यायला वेळ लावत होती, आणि मला वाटलं कोणाशी बोलत असेल. पाहिलं तर एका हाताने भिंत धरलेली, दुसरा गुडघ्यावर. इतकी वर्षं ती माझ्याकडे येत होती आणि मी तिचे टाके पाहिले, गुडघे पाहिले नाहीत.

"किती दिवसायचं हाय हे?"

"असते."

"चाल मंग. यवतमाळ."

मला वाटलं, नाही म्हणेल. दवा देणाऱ्याने दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं, हेही आमच्याकडे आहे. ती जरा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. "आता मले कोन अडवते," म्हणाली, आणि ब्लाउजचं कापड माझ्या हातात दिलं. एसटीची पायरी उंच होती. तिने माझा हात धरला आणि सगळा भार त्याच्यावर टाकून वर चढली. हाताने तो पेलला.

डॉक्टरणीने तिला पलंगावर बसवलं, फेटियाचा, म्हणजे तिच्या घागऱ्याचा, घेर वर करून दोन्ही गुडघे दाबून, वाकवून पाहिले. आतून कटकट आवाज येत होता, तो मलाही ऐकू आला.

"आजी, हे फार जुनं दुखणं आहे. एवढं अंगावर काढलं? आधी कोणाला दाखवलं नाही?"

"कोनाले दाखवू, बाई?" याडी म्हणाली. "सारे मलेच दाखवत."